गाडीतून उतरणार कोण?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागे इंदूरच्या रामबागेतल्या वाड्यांबद्दल लिहिलं होतं, तेव्हा पुष्कळांनी "काका, अजून लिहा" म्हणून आग्रह केला होता. आजचा विषय मात्र जुना नाही. ड्रायव्हर नसलेल्या गाडीबद्दल लिहायचं आहे. पंच्याहत्तरी उलटलेल्या, बी.कॉम. झालेल्या, बँकेतून रिटायर झालेल्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तो माझ्या एका चुकीपासून सुरू होतो. आधी तीच सांगून टाकतो.

२०२३ चा ऑक्टोबर. नवरात्राचे दिवस. संध्याकाळी सातच्या सुमारास मी एकटाच भाजी घेऊन परत येत होतो. घराजवळच्या तिराह्यावर डावीकडे वळलो आणि धप्प आवाज आला. डावीकडून ॲक्टिव्हावर एक मुलगा येत होता, तो मला दिसलाच नाही. घाईत होतो म्हणावं तर नव्हतो, वेगही वीस-पंचवीसच्या वर नव्हता. तो अक्षरशः दिसला नाही. मी गाडी थांबवली आणि उतरलो. पाय इतके लटपटत होते की दाराला धरून उभा राहिलो. दोन मिनिटांत पन्नास माणसं जमली. "अंकल, दिखता नहीं है क्या?" कोणीतरी ओरडलं. रागात म्हणाला, पण तेच खरं होतं हे मला पुढे कळलं.

मुलाला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. कॉलर बोन मोडलं होतं, बाकी देवाची कृपा. अर्ध्या तासात त्याचे वडील आले, मंडीत हमाली करणारा दणकट माणूस. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "गलती मेरी है." त्यांनी माझ्याकडे बघितलं, हाताची मूठ वळली, आणि मग ते बाकावर बसले. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं त्या बाकावर शेजारी बसून होतो. निघताना ते म्हणाले, "बाबूजी, आप रुक गए, उतर गए, इसलिए हाथ नहीं उठा." हे वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात डोळे तपासले. काचबिंदू निघाला. समोरचं वाचायला उत्तम, पण कडांची नजर बरीच गेलेली. डॉक्टरीणबाईंनी एका डब्यात डोकं घालायला लावून बारीक दिवे दाखवले. दिवा दिसला की बटण दाबायचं. मला वाटत होतं मशीन मधूनमधून बंद पडतंय. मशीन चालूच होतं, मला दिवे दिसत नव्हते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, औषधाच्या थेंबांनी उरलेली सांभाळायची असते. "काका, गाडी आता बंद," बाई म्हणाल्या. घरी येऊन किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. १९९४ साली बँकेच्या स्टाफ लोनवर पहिली मारुती घेतली होती. जवळजवळ तीस वर्षांचं चालवणं त्या खिळ्यावर संपलं.

ज्यांनी गाडी सोडली आहे त्यांना सांगायला नको, पण तरुण मंडळींसाठी सांगतो. किल्ली गेली म्हणजे गाडी गेली एवढंच नसतं. साहित्य सभेचा कार्यक्रम, मित्राच्या घरचं बारसं, रात्री सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाणं, या सगळ्याला आधी "कोण नेईल?" हा प्रश्न चिकटतो. हिचे गुडघे दुखतात, बसमध्ये चढणं होत नाही. माणूस हळूहळू जाणंच कमी करतो.

नातीबरोबरची फेरी

गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर आम्ही मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला होतो. तिथे रस्त्यावर पांढऱ्या जॅग्वार गाड्या दिसायच्या. टपावर फिरणारा डबा, कोपऱ्याकोपऱ्यावर लहान डबे, आणि आत ड्रायव्हर नाही. वेमो नावाची ही टॅक्सी. गूगलनं २००९ साली हे काम सुरू केलं, २०१६ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली, आणि जून २०२४ पासून सॅन फ्रान्सिस्कोत ॲप असलेल्या कुणालाही ती बोलावता येते.

एका रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, चला, फेरी बिल्डिंगला जाऊ. गाडी बोलावते." दारापुढे गाडी आली. डब्यावर मुलीच्या नावाची आद्याक्षरं चमकत होती, म्हणजे आपली गाडी कोणती ते कळतं. नऊ वर्षांची नात पटकन चढून बसली. मी मात्र दार धरून उभा. ती म्हणाली, "आजोबा, बसा ना! ती चावत नाही." बसलो. पडद्यावरचं बटण दाबलं आणि स्टिअरिंग आपलं आपण फिरायला लागलं. भुताटकी म्हणतात ती हीच!

समोरच्या पडद्यावर आजूबाजूचं सगळं दिसत होतं. गाड्या, सायकली, माणसं, सगळ्यांच्या आकृत्या. डावीकडून येणारी, उजवीकडून येणारी, मागून येणारी. एका क्रॉसिंगवर काठी टेकत एक म्हातारा फुटपाथवरून उतरायच्या बेतात होता. मला तो दिसायच्या आधी पडद्यावर त्याची आकृती उमटली आणि गाडी हळू झाली. तो सावकाश पलीकडे गेला. ना हॉर्न, ना वैताग.

मी खिडकीकडे तोंड केलं. डोळे भरून आले होते. माझ्या गाडीला त्या संध्याकाळी असे डोळे असते, तर तो पोरगा पडला नसता. माझी किल्लीही खिळ्यावर गेली नसती.

उतरताना सवयीनं "थँक यू भैया" म्हणालो. नात हसून हसून लोळली.

त्या रात्री मी हिला म्हणालो, "हे आपल्याकडे आलं पाहिजे. आपल्यासारख्यांसाठीच आहे हे." ती म्हणाली, "अहो, आधी नीट चौकशी करा. तुम्ही कर्ज द्यायच्या आधी करत होतात तशी." म्हटलं, बरोबर आहे. मग उरलेले महिने रोज सकाळी चहाबरोबर तेच वाचत बसलो.

जमेच्या बाजूचं आधी

हिशोब करायचा तर आधी जमा लिहावी. गाडी दारू पीत नाही, मोबाईल बघत नाही, रात्री दोनला पेंगत नाही. स्विस री या मोठ्या विमा कंपनीबरोबर वेमोनं एक अभ्यास केला, तो २०२४ मध्ये जाहीर झाला. अडीच कोटी मैलांवर धावलेल्या गाड्यांचे विम्याचे दावे तपासले. माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या मानानं शारीरिक इजेचे दावे ९२ टक्क्यांनी कमी निघाले. अभ्यासात कंपनी स्वतः सामील आहे, तेव्हा थोडं हातचं राखून वाचायचं. तरी विमावाले भावनेवर आकडे लिहीत नाहीत, हे मी जाणतो.

आणि आपल्याकडे? २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी आकडा आहे. तेव्हा "माणूसच बरा" असं छाती ठोकून म्हणायची आपल्याला सोय नाही. मी तर अजिबातच म्हणू शकत नाही.

मग अडतंय कुठे? इतक्या वर्षांत मोजक्याच शहरांत या गाड्या का? खर्च आहे, गल्लीन् गल्ली आधी नकाशात घालावी लागते, पाऊस-बर्फाचा त्रास आहे, हे सगळं खरं. पण ही पैशाची आणि वेळेची कामं आहेत, ती होतात. मला जे अडलेलं दिसलं ते वेगळंच होतं.

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट

माझ्या हातून तो पोरगा पडला, त्याच महिन्यात, २ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री, सॅन फ्रान्सिस्कोत एक अपघात झाला होता. रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला एका गाडीनं उडवलं. ती गाडी माणूस चालवत होता. बाई उडून शेजारच्या गाडीपुढे पडली, आणि ही शेजारची गाडी होती क्रूझ कंपनीची, बिनड्रायव्हरची. तिनं ब्रेक मारला, पण बाई खाली आली. गाडी थांबली. इथपर्यंत कुणाचाही नाइलाज झाला असता. पण थांबल्यावर गाडीनं ठरवलं की अपघात झाला, आता रस्त्याच्या कडेला व्हावं, आणि ती निघाली. बाई खालीच होती. सुमारे वीस फूट फरफटत गेली. जबर जखमी झाली, पण वाचली.

हे वाचलं तेव्हा कप खाली ठेवला. मी काही शूर नाही. त्या संध्याकाळी मी उतरलो, कारण उतरल्याशिवाय काय झालंय ते कळणारच नव्हतं. कोणीही उतरतो, वाकून बघतो. त्या गाडीला कड्याकड्यांचं दिसत होतं, पण वाकून बघायला तिच्यात कोणी नव्हतं.

न्यायानं दुसरी बाजूही लिहितो. बाईला पहिल्यांदा उडवणारा माणूस? तो तर पळून गेला. मशीन पळालं नाही. म्हणजे माणूस असला की उतरतोच असंही नाही. पण पळालेल्या माणसाला निदान आपण पळपुटा म्हणतो, पोलीस त्याला शोधतात. मशीनला काय म्हणणार?

पुढची गोष्ट बँकवाल्यांना ओळखीची वाटेल. फरफटल्याची बाब कंपनीनं सरकारी अधिकाऱ्यांना सुरुवातीला सरळ आणि पूर्ण सांगितली नाही. २४ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्यानं क्रूझचे परवाने निलंबित केले. पुढे अपुऱ्या अहवालाबद्दल १५ लाख डॉलरचा दंड झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मालक जनरल मोटर्सनं त्या टॅक्सीच्या धंद्यातून हात काढून घेतला. नोकरीत मी हेच बघत आलो. चूक झाली तर शाखा बुडत नाही, चूक दाबली की बुडते.

त्याआधीची एक घटना याहून वाईट. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरची चाचणीवरची गाडी चालली होती. एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. गाडीच्या यंत्रणेला ती दिसली, पण हे वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे यंत्रणेचं ठरेना. मत बदलत राहिलं, आणि बाई गेली. गाडीत लक्ष ठेवायला एक माणूस बसवलेला होता, पण त्याचं लक्ष मोबाईलवर. आपोआप जोरात ब्रेक लागायची सोय कंपनीनं गाडी संगणकाच्या ताब्यात असताना बंद ठेवलेली. खटला कुणावर झाला? सीटवर बसलेल्यावर. २०२३ मध्ये गुन्हा कबूल, तीन वर्षं देखरेखीखाली. कंपनीवर फौजदारी झाली नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर पद्धत वरच्यांनी ठरवली, आणि व्हाउचरवर सही मात्र खालच्या क्लार्कची.

आम्ही तिथे असतानाच, सप्टेंबर २०२५ मध्ये, एक मजेशीर प्रकार झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सॅन ब्रूनो गाव आहे. पोलीस दारू पिऊन चालवणाऱ्यांना पकडायला उभे होते. एका वेमोनं त्यांच्या डोळ्यांदेखत बेकायदा यू-टर्न घेतला. पोलिसांनी थांबवलं, वाकून बघितलं, आत कोणी नाही! पावती फाडायची कुणाच्या नावे? पावतीवर "रोबो" अशी चौकटच नाही, असं पोलिसांनीच गमतीनं लिहिलं. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा केला आहे की अशा वेळी पोलिसांनी कंपनीला नोटीस द्यावी, पण तो लागू करायची तारीख ठरवली जुलै २०२६. गाड्या आधी आल्या, चौकट मागून येतेय.

मी फार हसलो, आणि मग माझं चाळीस वर्षांपूर्वीचं टेबल आठवलं.

आमच्या शाखेत मशीन आलं तेव्हा

मी १९७२ ला क्लार्क म्हणून लागलो. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, बँकांत यंत्रं आणा असा. त्या काळात युनियनच्या मोर्चात "कंप्युटर नको" अशा घोषणा मी स्वतः दिल्या आहेत. भीती नोकरीची होती. काही वर्षांनी शाखेत लेजर पोस्टिंगचं मशीन आलं, एएलपीएम म्हणायचे त्याला. तोवर मी ऑफिसर झालो होतो, आणि ते मशीन माझ्याच खात्यावर आलं!

लगेच वह्या बंद केल्या नाहीत. कित्येक महिने दोन्ही चालवलं, हातानं लिहिलेलं लेजरही आणि मशीनही. संध्याकाळी दोन्हीचा ताळा जमला की घरी. नाही जमला तर रात्री नऊ, दहा. पॅरलल रन म्हणायचो. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासायची, आणि छापून आलेल्या कागदावर रोज ऑफिसरची सही. मशीनवर भरवसा ठेवा असं कुणी आम्हाला सांगितलं नाही. सही कुणाची ते सांगितलं.

एकदा डिसेंबरच्या व्याजात घोळ झाला. दर चुकीचा भरला गेला होता, आणि कितीतरी बचत खात्यांत व्याज कमी पडलं. एक निवृत्त मराठी शिक्षक पासबुक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी म्हणालो, "गुरुजी, मशीनची चूक आहे." ते शांतपणे म्हणाले, "असं का? मग बोलवा त्याला. त्याच्याशी बोलतो." सगळं काउंटर हसलं. मी उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "चूक आमची आहे." पासबुकात हातानं नोंद केली, खाली सही केली. गुरुजींनी ती सही चष्मा वर करून वाचली आणि मगच गेले.

रक्कम सतरा की अठरा रुपये होती. ते रुपयांसाठी आले नव्हते. त्यांना समोर माणूस हवा होता.

आता आपला रस्ता

ऑक्टोबर अखेरीस परत आलो. विमानतळावरून घरी येताना भैयाशेजारी पुढच्या सीटवर बसलो, आणि मुद्दाम त्या गाडीच्या नजरेनं रस्ता बघत होतो. उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकल, मधेच सवारी घ्यायला थांबलेला ई-रिक्शा, पुसून गेलेले पट्टे, दुभाजकावर बसलेली गाय. भैया काय करतो? समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. मान जराशी हलते. हॉर्नचा एक टिक म्हणजे "मी आलो", दोन टिक म्हणजे "तू थांब". जवाहर मार्गावर असे शंभर करार एका फेरीत होतात, तोंडी, आणि जागच्या जागी मोडलेही जातात. हायकोर्टाजवळच्या चौकात नाचत, मूनवॉक करत रहदारी सांभाळणारा हवालदार साऱ्या देशानं व्हिडिओत पाहिला. त्याचा कोणता हात थांबा म्हणतो आणि कोणता चला, हे आपल्याला कळतं. मशीनला शिकवायला बसायचं तर?

रंगपंचमीची गेर आठवा. राजवाड्यासमोर लाखो माणसं, तोफांतून उडणारा गुलाल आणि पाणी. गाडीच्या टपावरचा तो डबा दोन मिनिटांत गुलाबी होईल!

कोणी म्हणेल, वेगळी लेन द्या. आपण एक लेन देऊन पाहिली. बीआरटीएसची साडेअकरा किलोमीटरची लेन २०१३ मध्ये फक्त बससाठी सुरू झाली, आणि २०२५ मध्ये हायकोर्टाच्या हुकुमानंतर ती काढायला घेतली. बसला दिलेली लेन ठेवता आली नाही, तर बिनड्रायव्हरच्या मोटारीला कोण देणार?

आणखी एक. ही गाडी सज्जन आहे, हमखास थांबते. हे एकदा आपल्या लोकांना कळलं की संपलं. जो तो तिच्यापुढून घुसणार, आणि ती बिचारी संध्याकाळपर्यंत जागची हलणार नाही. तिकडेही लोकांनी छळलंच की. २०२३ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत या गाड्यांना विरोध करणारे लोक बॉनेटवर रस्त्यावरचे शंकू ठेवून जायचे. शंकू ठेवला की गाडी जागच्या जागी खिळते. २०२४ च्या फेब्रुवारीत चायनाटाउनमध्ये जमावानं एक वेमो जाळली. अग्निशमन दलाच्या प्रमुखांची तक्रार होती की या गाड्या बंबांच्या वाटेत येतात. आम्ही परतल्यावर, डिसेंबर २०२५ मध्ये, तिथली वीज गेली, सिग्नल विझले आणि कितीतरी वेमो चौकाचौकात उभ्या राहिल्या. विझलेल्या सिग्नलवर काय करायचं ते त्यांना शिकवलेलं होतं, पण खात्री करायला त्या दूर बसलेल्या माणसांना विचारत होत्या, आणि विचारणाऱ्या एकाच वेळी फार झाल्या. मुलीनं व्हिडिओ पाठवला. इंदूरला सिग्नल जाणं ही काय बातमी आहे?

भैयाचं म्हणणं

आमचा भैया तासावर येतो. त्याला मी त्या गाडीचा व्हिडिओ दाखवला. नितीन गडकरी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात म्हणाले होते की बिनड्रायव्हरच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. तेही सांगितलं. मला वाटलं, भैया घाबरेल किंवा खूष होईल. त्यानं व्हिडिओ पूर्ण बघितला आणि विचारलं, "बाबूजी, माताजी को सीढ़ी कौन चढ़ाएगा?"

मी गप्प. खरंच की. भैया येतो, हिचा हात धरून पायऱ्या उतरवतो, पिशवी घेतो, दवाखान्यात नंबर लावतो, पार्किंगवाल्याशी भांडतो. गाडी चालवणं त्यात निम्मं काम. तिकडच्या गाडीत नात आणि लेक बरोबर होत्या म्हणून मला ते जाणवलं नव्हतं. हिच्यासारखी बाई एकटी असेल, तर ती गाडी दारात येऊन उभी राहील, पण दारापासून गाडीपर्यंतच्या आठ पायऱ्यांचं काय?

युनियनच्या मोर्चातला मी, मला भैयाच्या पोटाची भीती कळते. पण फक्त नोकरीच्या नावावर यंत्र अडवून धरता येत नाही, हेही मी बघितलंय. आम्ही अडवलं, तरी ते आलंच.

मला काय हवंय

मोटार वाहन कायदा, १९८८, काढून वाचला. जुनी सवय, मूळ कागद बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पैशाची बाजू बरीच बांधलेली आहे. विमा सक्तीचा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर चूक कुणाची हे सिद्ध न करताही मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. बिनड्रायव्हरच्या गाडीलाही हे कसंबसं लावता येईल. पण कलम १३४ वर मी थबकलो. अपघात झाला तर जखमीला उपचार मिळावेत म्हणून ड्रायव्हरनं हरप्रयत्न केले पाहिजेत, पोलिसांना खबर दिली पाहिजे, असं ते कलम आहे. म्हणजे कायद्यानंही धरून ठेवलंय की कोणीतरी उतरेल.

मला ही गाडी हवी आहे. खोटं कशाला बोलू? कडांचं न दिसणाऱ्या म्हाताऱ्याइतकी तिची गरज कुणाला असेल? पण बँकेत जसं केलं तसं करा. आधी सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर, गाडीत जागा माणूस बसवून, वर्षानुवर्षं पॅरलल रन करा. रोजचा ताळा लोकांपुढे ठेवा, चुकांसकट. आणि प्रत्येक गाडीवर एका जिवंत माणसाचं नाव लिहा, ज्याला अपघात झाल्यावर त्या जागी यावंच लागेल. फोनवरचा आवाज नको. "एक दबाइए, दो दबाइए" तर नकोच नको. त्यानं दवाखान्यातल्या त्या बाकावर येऊन बसलं पाहिजे. हे न ठरवता गाडी आणली, तर इंदूरच्या चौराह्यावर पहिल्याच धक्क्याला लोक कुणावर हात टाकतील? मागच्या सीटवर बसलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्यावर. दुसरं कोणी सापडणारच नाही!

तो पोरगा आता ठीक आहे. एका गॅरेजात कामाला लागलाय. दर दिवाळीला त्याच्या वडिलांचा फोन येतो, यंदाही आला. मी त्यांना बिनड्रायव्हरच्या गाडीचं सांगितलं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "टक्कर हो गई, तो फिर बात किससे करेंगे?"

गुरुजींनी हेच विचारलं होतं. भैयानंही आपल्या परीनं हेच विचारलं. सॅन ब्रूनोच्या पोलिसांनाही तेच पडलं होतं.

मंगळवारी माझी डोळ्यांची तपासणी आहे. पुन्हा त्या डब्यात डोकं घालून दिवे मोजायचे. भैयाला सकाळी दहाला बोलावलंय. तो येईल, हिचा हात धरून पायऱ्या उतरवेल, आणि मी मागे बसून उजवीकडे-डावीकडे मान वळवत राहीन. चालवत नाही, तरी सवय जात नाही.

तुमच्यापैकी कोणी गाडी सोडली असेल, तर कशी सोडली ते लिहा. आणि पुणे, बडोदा, हैदराबाद किंवा तिकडे परदेशात ज्यांची मुलं याच गाड्यांच्या कामात आहेत, त्यांनी मुलांना माझा एवढा एक प्रश्न जरूर विचारा. उत्तर आलं तर मलाही कळवा. इंदूरच्या मराठीत हिंदी घुसलेली असते, सांभाळून घ्या.